बाहुलीपासून 'मिसमॅच'पर्यंत : न्यायमूर्ती कोणाचे संशोधन वाचतात?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. मागे एकदा नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मोबाईलवर आलेला मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला. आरक्षणामुळे आरक्षण घेणाऱ्याचेच नुकसान होते हे अमेरिकेत संशोधनाने सिद्ध झाले आहे, आणि म्हणूनच तिथल्या सुप्रीम कोर्टाने आरक्षण बंद केले, असा त्याचा आशय होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हे खरं असेल तर आपण काय बोलायचं?"

तिच्या आवाजात वाद घालण्याची खुमखुमी नव्हती, भीती होती. आपण जिथे जायची धडपड करतोय ती जागाच आपल्याला सोसणार नाही की काय, ही भीती. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

त्या मेसेजमध्ये दोन ढोबळ चुका होत्या. अमेरिकेत विद्यापीठ प्रवेशातल्या राखीव जागा १९७८ सालीच बेकायदा ठरल्या. त्यानंतर तिथे जे चालू होते ते आपल्यासारखे आरक्षण नव्हते. आणि २०२३ च्या बहुमताच्या निकालाचा पाया ते 'नुकसानीचे संशोधन' नव्हता. पण मेसेज पूर्ण हवेतला होता असेही नाही. त्या संशोधनाचा आधार एका न्यायमूर्तींनी खरोखरच घेतला आहे, आणि तोही एकदाच नव्हे. म्हणून हा इतिहास मुळापासून पाहू.

बाहुल्यांची साक्ष

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडपे. दोघांनीही पीएच.डी. केली ती कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे जिथे आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले तिथेच. १९४० च्या आसपास त्यांनी लहान मुलांसमोर चार बाहुल्या ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन बाहुल्या गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळे सारखे. चांगली बाहुली कोणती? वाईट दिसणारी कोणती? तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली आणि तपकिरी बाहुली वाईट ठरवली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडली.

शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचे खटले उभे राहिले तेव्हा केनेथ क्लार्क साक्षीला आले. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीत त्यांनी १६ मुलांची चाचणी घेतली. १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल दिला की वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. वेगळेपणामुळे काळ्या मुलांच्या मनात कमीपणाची भावना बसते, या विधानाला त्यांनी अकरा क्रमांकाची तळटीप जोडली. त्या तळटिपेत पहिले नाव क्लार्क यांचे होते.

निकाल ऐतिहासिक, पण संशोधन वादग्रस्त. नमुना लहान आहे हा पहिला आक्षेप. दुसरा जास्त टोकदार होता. क्लार्क यांच्याच आधीच्या अभ्यासात, जिथे काळी-गोरी मुले एकत्र शिकत होती त्या उत्तरेकडच्या मुलांनी गोरी बाहुली दक्षिणेतल्या मुलांपेक्षाही जास्त प्रमाणात पसंत केली होती. मग कमीपणाची भावना वेगळ्या शाळेमुळे आली हे कसे सिद्ध होते? दक्षिण कॅरोलिनाचे वकील जॉन डेव्हिस यांनी नेमके हेच विचारले. खरे तर उत्तर सोपे आहे : वर्णभेद शाळेच्या भिंतीत मावत नाही, तो सगळ्या समाजात पसरलेला असतो. पण केवळ प्रयोगाचा पुरावा म्हणून पाहिले तर आक्षेपात दम होता.

एडमंड कान हे न्यूयॉर्कमधले कायद्याचे प्राध्यापक वर्णभेदाच्या विरोधात होते आणि ब्राउनच्या निकालाच्या बाजूने होते. तरी १९५५ साली त्यांनी इशारा दिला की काळ्या नागरिकांचे, किंबहुना कोणाचेही, घटनात्मक हक्क असल्या कच्च्या पायावर उभे राहू नयेत. आज एक संशोधन बाजूने आहे, उद्या दुसरे विरोधात येईल, मग हक्क परत करायचा का?

आणि ते विरोधातले संशोधन आलेच

कान यांचा इशारा खरा ठरायला दहा वर्षेही लागली नाहीत. १९६३ साली जॉर्जियातल्या सव्हाना शहरातल्या शाळांचा खटला उभा राहिला. गोऱ्या पालकांनी स्वतःचे तज्ज्ञ आणले. ते बुद्ध्यांकाच्या चाचण्या घेऊन साक्षीला उभे राहिले. वंशावंशांत बुद्धीचा फरक आहे, एकत्र शिकवले तर दोघांचेही नुकसान, काळ्या मुलाला तर न्यूनगंड येईल, असा त्यांचा दावा होता. जिल्हा न्यायाधीश फ्रँक स्कार्लेट यांनी तो मान्य केला आणि शाळा वेगळ्याच ठेवायला परवानगी दिली.

बारकाईने पाहा. ब्राउनमध्ये 'मुलाच्या मनाला इजा' हा युक्तिवाद भेद मोडण्यासाठी आला होता. नऊ वर्षांत तोच युक्तिवाद उलटा फिरवून भेद टिकवण्यासाठी वापरला गेला. 'तुझ्या भल्यासाठीच तुला बाहेर ठेवतो.' आपल्याला हे वाक्य नवे आहे का?

पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयाने स्कार्लेट यांचा निकाल फिरवला. पण तो क्लार्कचे संशोधन खरे आणि या तज्ज्ञांचे खोटे, असे ठरवून फिरवला नाही. समानतेचा घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला आहे, खालच्या न्यायालयाला तो नव्या 'पुराव्यां'वर पुन्हा उघडता येणार नाही, अशी भूमिका घेऊन तो फिरवला. हक्क वाचला तो तत्त्वामुळे, बाहुल्यांमुळे नव्हे.

नुकसानभरपाईचे दार बंद झाले

पुढचे वळण १९७८ चे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा वंचित गटांसाठी बाजूला ठेवलेल्या होत्या. ॲलन बाक्की या गोऱ्या अर्जदाराने दावा लावला. न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचे मत निर्णायक ठरले. राखीव जागा नकोत, मात्र प्रवेश देताना अनेक घटकांपैकी एक म्हणून वंश पाहता येईल, असे ते म्हणाले. त्यामागचे कारण त्यांनी कोणते मान्य केले? समाजाने शतकानुशतके केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही. वर्गात विविधता असली की सगळ्यांचेच शिक्षण सुधारते, हे कारण त्यांनी स्वीकारले. गुलामगिरीच्या इतिहासाची आठवण करून देत थर्गुड मार्शल यांनी वेगळे मत लिहिले. ब्राउनचा खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला होता तेच हे मार्शल. पण पुढची पंचेचाळीस वर्षे राज्य केले ते पॉवेल यांच्या कारणाने.

माझ्या मते खरा घात इथे झाला. अन्याय झाला होता हे इतिहास सांगतो, त्यासाठी दरवर्षी नवा सर्व्हे लागत नाही. पण 'विविधतेचा फायदा होतो' हे मात्र सतत सिद्ध करत राहावे लागते. म्हणून २००३ च्या ग्रटर खटल्यात मिशिगन विद्यापीठाला पॅट्रिशिया गुरिन या मानसशास्त्रज्ञांचा अहवाल आणावा लागला, मोठ्या कंपन्यांची आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची निवेदने आणावी लागली. निकाल ५ विरुद्ध ४ असा बाजूने लागला. पण न्यायमूर्ती ओकॉनर यांनी पंचवीस वर्षांनी याची गरज उरणार नाही अशी अपेक्षाही लिहून ठेवली. ज्या हक्काचे समर्थन दुसऱ्यांच्या फायद्यावर उभे असते, त्याला मुदत लागतेच.

'मिसमॅच' म्हणजे काय?

आता त्या मेसेजमधल्या संशोधनाकडे येऊ. २००४ साली रिचर्ड सँडर या कायद्याच्या प्राध्यापकांनी 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. कमी गुणांवर मोठ्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळालेला काळा विद्यार्थी तिथे मागे पडतो, त्याला कमी गुण मिळतात आणि तो सनदेच्या परीक्षेत नापास होतो. तोच विद्यार्थी साध्या कॉलेजात गेला असता तर पास झाला असता. म्हणजे विद्यार्थी आणि संस्था यांचा मेळ बसत नाही, म्हणून 'मिसमॅच'. वंशाचा विचार न करता प्रवेश दिले तर काळ्या वकिलांची संख्या सुमारे ८ टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा हिशोब होता.

लेख येताच प्रत्युत्तरे आली. इयन एअर्स आणि रिचर्ड ब्रूक्स यांनी तीच आकडेवारी वापरून उलटा निष्कर्ष काढला. डॅनियल हो यांनी दाखवले की सारख्या पात्रतेच्या विद्यार्थ्यांची तुलना केली तर वरच्या दर्जाच्या लॉ स्कूलमध्ये गेल्यामुळे नापास होण्याची शक्यता वाढते असे दिसत नाही. जेसी रोथस्टीन आणि अल्बर्ट यून यांनी मूळ गृहीतकच तपासले. प्रवेशाचे धोरण काढून घेतले तर अनेकांना कोणत्याच लॉ स्कूलमध्ये जागा मिळणार नाही, मग वकील वाढतील कसे? सँडर यांनीही टीकाकारांना उत्तरे दिली आणि २०१२ साली स्टुअर्ट टेलर यांच्यासोबत पुस्तक काढले. त्याच वर्षी संख्याशास्त्रीय पद्धतींच्या नामवंत अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयात निवेदन देऊन सांगितले की हे संशोधन शास्त्रीय पद्धतीच्या मूलभूत कसोट्यांना उतरत नाही.

तरीही ते न्यायालयात शिरले. २०१३ च्या फिशर खटल्यात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात मिसमॅचचा युक्तिवाद मांडला. थॉमस स्वतः काळे, येल लॉ स्कूलचे पदवीधर. ९ डिसेंबर २०१५ रोजी त्याच खटल्याच्या दुसऱ्या फेरीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी भर सुनावणीत विचारले की काळ्या विद्यार्थ्यांना टेक्सास विद्यापीठासारख्या ठिकाणापेक्षा थोड्या संथ गतीच्या कॉलेजात पाठवलेले बरे, असे म्हणणारे लोक आहेत, त्याचे काय? 'असे म्हणणारे लोक आहेत.' वादग्रस्त संशोधन न्यायालयात असेच येते. त्याच्यासोबत त्याचा वाद येत नाही.

मिसमॅच तपासायची सरळ संधी इतिहासाने एकदा दिली होती. १९९६ साली कॅलिफोर्नियात जनमताने प्रपोझिशन २०९ मंजूर झाले आणि सरकारी विद्यापीठांत वंश पाहणे बंद झाले. सिद्धांत खरा असेल तर त्यानंतर काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांचे भले व्हायला हवे होते. झॅकरी ब्लीमर यांनी त्या काळातल्या अर्जदारांचा पुढचा प्रवास तपासला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटेच दिसले. ही मुले कमी दर्जाच्या संस्थांकडे ढकलली गेली, पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण घसरले आणि पुढे त्यांची कमाईही घटली. त्या मुलीला पहिले उत्तर हे आहे.

एकच आकडेवारी, दोन अर्थशास्त्रज्ञ

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य आणि बेकायदा ठरवली. या खटल्यात हार्वर्डचे प्रवेशाचे तेच आकडे दोन अर्थशास्त्रज्ञांच्या हातात होते. पीटर आर्सिडियाकोनो यांनी त्यातून आशियाई अर्जदारांवर अन्याय होतो असा निष्कर्ष काढला, तर पुढे नोबेल मिळालेले डेव्हिड कार्ड यांनी तसा भेदभाव दिसत नाही असे सांगितले. खालच्या न्यायालयाने २०१९ साली कार्ड यांचे ऐकले होते. सर्वोच्च न्यायालयात निकाल उलटा लागला. थॉमस यांनी आपल्या मतात पुन्हा मिसमॅच आणले, तर न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी हा सिद्धांत कधीच खोडला गेला आहे असे सुनावले.

याच खटल्यामुळे आणखी एक गोष्ट उजेडात आली. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा देणगीदारांशी संबंधित अशा विशेष यादीतले होते. हा हिशोब काढणाऱ्यांत आर्सिडियाकोनो स्वतः होते. बापाच्या देणगीवर आत आलेल्या मुलाचे 'मिसमॅच' होते का, त्याला न्यूनगंड येतो का, असे कोणत्या न्यायमूर्तीने सुनावणीत विचारले?

आपल्या बाजूची चूक लपवू नका

मित्रांनो, इथे थांबून एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी. याच खटल्यात न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी विरोधी मत लिहिताना म्हटले की जोखमीच्या स्थितीतल्या काळ्या नवजात बाळाला काळा डॉक्टर मिळाला तर बाळ जगण्याची शक्यता दुपटीहून जास्त होते. हे विधान एका वैद्यकीय संघटनेच्या निवेदनातून आले होते, आणि ते चुकीचे होते. फ्लोरिडातल्या जन्मांवरचा मूळ अभ्यास २०२० चा. तो गोऱ्या आणि काळ्या बाळांच्या मृत्यूदरातली तफावत कमी होण्याबद्दल बोलत होता. बहुतांश बाळे जगतातच, मग जगण्याची शक्यता दुप्पट होणार कशी? निकालानंतर निवेदन देणाऱ्या वकिलांना न्यायालयाला पत्र लिहून खुलासा करावा लागला. २०२४ साली इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. अत्यंत कमी वजनाच्या बाळांचा घटक हिशोबात घेतल्यावर तो परिणाम जवळपास नाहीसा झाला.

जॅक्सन यांची बाजू न्यायाची होती असे मी मानते. म्हणूनच ही चूक मला जास्त टोचते. विरोधकांना एक चुकीचा आकडा मिळाला की ते गुलामगिरीचा सगळा इतिहास त्या आकड्याखाली गाडायला मोकळे होतात. व्हॉट्सॲपवर आपल्या बाजूचा आकडा आला की न वाचता पुढे ढकलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि भारतात?

आपल्याकडे वाद 'मिसमॅच' या नावाने नाही, 'कार्यक्षमता' या नावाने चालतो. संविधानाच्या कलम ३३५ चा आधार घेऊन २००६ च्या नागराज निकालाने पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी मागासलेपण, अपुरे प्रतिनिधित्व आणि प्रशासनाची कार्यक्षमता यांचा विचार बंधनकारक केला आणि मोजता येणारी आकडेवारी मागितली. अनुसूचित जाती-जमातींना मागासलेपण पुन्हा सिद्ध करायला लावणारा भाग २०१८ साली जर्नेलसिंग निकालाने काढला. बाकीचे ओझे राहिलेच.

१० मे २०१९ च्या दुसऱ्या पवित्रा निकालात न्यायमूर्ती उदय लळित आणि धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कर्नाटकचा पदोन्नतीतल्या ज्येष्ठतेचा कायदा वैध ठरवला. त्यात अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांच्या रेल्वेवरील अभ्यासाचा दाखला आहे. १९८० ते २००२ या काळातली रेल्वेची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा मिळत नाही, उलट वरच्या श्रेणींत काही ठिकाणी चांगलाच परिणाम दिसतो. मला या अभ्यासाचा अभिमान आहे. पण ब्राउनची तळटीप आठवते. उद्या दुसऱ्या खात्याचा दुसरा अभ्यास आला तर? आपल्या भावाबहिणींची पदोन्नती त्या अभ्यासावर टांगायची का?

महाराष्ट्राने हा खेळ जवळून पाहिला आहे. मराठा आरक्षणासाठीचा गायकवाड आयोगाचा तोच अहवाल जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वीकारला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. मार्च २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी कसोटी लावली गेली. २०२४ साली उपवर्गीकरणाला परवानगी देतानाही राज्यांनी आकडेवारीचा आधार द्यावा असे सांगितले गेले. म्हणजे आकड्यांची ही लढाई आता आपल्या घरात, आपल्याच जाती-जातींत येणार आहे. त्यासाठी तयार आहोत का?

आता दुसरे टोक पाहा. १०३ वी घटनादुरुस्ती जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत मांडल्यापासून राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत आठवडाही लागला नाही. आधाराला सिन्हो आयोगाचा २०१० चा जुना अहवाल दाखवला गेला. आठ लाखांची मर्यादा कशी ठरवली, हे २०२१ साली न्यायालयानेच विचारले, तेव्हा सरकारने समिती नेमली. म्हणजे आधी मर्यादा आणि नंतर अभ्यास. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ही दुरुस्ती ३ विरुद्ध २ मतांनी टिकली. आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवायला २००५ च्या इनामदार निकालाने मुभा दिली, तीही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. त्या जागांवर आलेल्यांच्या कार्यक्षमतेचा अभ्यास कोणी मागितला? पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवायचे, हा प्रश्न संशोधन ठरवत नाही. तो सत्ता ठरवते.

बाबासाहेबांची रीत

मग संशोधनाकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी उत्पादकतेचा आकडा मांडला नाही. प्रशासन आजवर एक-दोन जमातींच्या ताब्यात राहिले, बाकीच्यांना दार बंद होते, ते उघडले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाया इतिहासाचा आणि न्यायाचा होता.

पण त्याच वर्षी आलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी आकडेही हाताळले. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत या सिद्धांताला उत्तर देताना त्यांनी घुर्ये यांनी वापरलेली नाकांची मापे घेतली आणि प्रांतवार दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा फरक निघत नाही. एम.ए.ला मी घुर्ये वाचले, पण त्या मापांचे बाबासाहेबांनी काय केले हे मला अभ्यासक्रमाबाहेर शोधावे लागले. समोरच्याचेच आकडे, समोरच्यापेक्षा काळजीपूर्वक वाचलेले. ही त्यांची रीत.

म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी हव्यात. हक्क मागताना पाया संविधानाचा आणि अन्यायाच्या इतिहासाचा ठेवायचा, कारण तो पुढच्या अभ्यासाने हलत नाही. आणि वाद घालताना प्रत्येक अभ्यास मुळातून वाचायचा : नमुना किती, तुलना कोणाशी, आक्षेप कोणी घेतले, उत्तर काय मिळाले. आपल्यातून वकील घडतात तसे संख्याशास्त्र जाणणारेही घडले पाहिजेत.

त्या रविवारी मी तिला एवढेच म्हणाले होते की तू तयारी सोडू नकोस, उत्तर मी शोधून आणते. पुढच्या वर्गाला ती स्वतःच एक वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिने तो मेसेज उतरवून काढला होता आणि खाली लिहिले होते : 'हा अभ्यास कोणी केला? कोणावर? कधी?'

जय भीम!